रोबो स्पर्धेसाठी बोर्ड आणि भाषा कशी निवडावी: नागपूरच्या नव्या संघांसाठी

दरवर्षी अभियांत्रिकीचे प्रवेश आटोपून वर्ग सुरू झाले की रोबोटिक्सच्या संघात नव्याने आलेली मुले-मुली पहिला प्रश्न भाषेचा विचारतात: सी++ शिकू की पायथन? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण लॅपटॉप हाताशी असतो, शिकवणारे व्हिडिओ फुकट मिळतात आणि मोटर मात्र विकत आणावी लागते. तरीही काही वर्षे संघासोबत राबल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की भाषा सर्वांत शेवटी ठरवावी. आधी नियमपुस्तक, मग मोटर आणि बॅटरी, त्यानंतर मोटरला बॅटरीतून प्रवाह देणारा मोटर ड्रायव्हर, मग ज्यावर कोड चालतो तो कंट्रोलर बोर्ड, आणि शेवटी त्या बोर्डावर नीट चालणारी व संघातील किमान तिघांना वाचता येणारी भाषा, असा क्रम ठेवला तर वर्गणीचे पैसेही वाचतात आणि परीक्षेच्या आधीचे आठवडेही हाती राहतात. पुढील पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: नियमपुस्तक

काही स्पर्धांमध्ये निवडीला फारसा वाव नसतो, आणि हे खरेदीच्या आधी कळलेले बरे. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये २०१५ च्या हंगामापासून रोबोरिओ हा कंट्रोलर ठरवून दिला गेला. त्यावर जावा, सी++ आणि लॅबव्ह्यू चालत आले आणि २०२४ पासून पायथनलाही अधिकृत स्थान मिळाले. त्याच संस्थेच्या फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये रेव्ह कंपनीचा कंट्रोल हब वापरला जातो आणि कोड जावामध्ये किंवा पडद्यावरचे तयार ठोकळे (ब्लॉक्स) जोडून लिहिला जातो. व्हेक्स व्ही५ च्या संचात ब्लॉक्स, पायथन आणि सी++ असे तीन मार्ग आहेत. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडकडे जाणाऱ्या शाळांमध्ये बहुधा लेगोचे संच असतात. शाळेच्या कपाटात लेगोचे जुने ईव्ही३ संच पडून असतील तर ते मोडीत काढू नयेत. कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवले असले तरी मायक्रोएसडी कार्डावरून त्यांच्यावर मायक्रोपायथन चालवता येते आणि त्यासाठी संचातील कंट्रोलरचे मूळ फर्मवेअर (आतले कायमचे सॉफ्टवेअर) बदलावे लागत नाही.

रोबोकॉनची गोष्ट वेगळी आहे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने २००२ मध्ये टोकियोपासून सुरू केलेली आणि २००८ व २०१४ मध्ये पुण्यात झालेली ही स्पर्धा दरवर्षी नवा खेळ मांडते, आणि बोर्ड कोणता, भाषा कोणती, हे पूर्णपणे संघावर सोडते. म्हणूनच आपल्याकडील महाविद्यालयीन संघांना सर्वाधिक गोंधळ याच स्पर्धेसाठी होतो. पुढचे बहुतेक विवेचन अशा खुल्या स्पर्धांसाठी आहे, ज्यांत महाविद्यालयांच्या तांत्रिक महोत्सवांतील लाइन फॉलोअर (रेषेवरून धावणारा रोबो), मेझ सॉल्व्हर (चक्रव्यूहातून वाट काढणारा रोबो) आणि रोबो-सॉकरही येतात.

नियमपुस्तक एकट्याने मोबाइलवर चाळू नये. त्याची छापील प्रत काढून संघाने एकत्र बसून वाचावी. वजन आणि आकाराची मर्यादा, बॅटरीच्या व्होल्टेजची मर्यादा, बिनतारी नियंत्रणाला परवानगी आहे की नाही, रोबो स्वयंचलित हवा की हाताने चालवलेला चालेल आणि आणीबाणीचे बटण कोठे असावे, एवढ्या गोष्टी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात. बिनतारी नियंत्रणाचे एक वाक्य नजरेतून निसटले तर पुढे सगळा बोर्डच बदलावा लागतो.

दुसरी पायरी: मोटर आणि बॅटरी

मोटर निवडताना मैदानाची लांबी आणि मिळणारा वेळ यांतून वेग काढावा. १० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ साधारण ३१.४ सेंटीमीटर असतो; मोटर मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर सेकंदाला पाच फेरे, म्हणजे सुमारे १.५७ मीटर. हा आकडा भार नसतानाचा आहे. रोबोचे वजन पडल्यावर वेग कमी होतो, म्हणून हिशेबात थोडी सूट ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिवळ्या बीओ मोटरी शिकण्यासाठी उत्तम आहेत, पण स्पर्धेच्या रोबोसाठी किमान जॉन्सन गिअर मोटर, आणि रोबोने मोजून अंतर कापायचे असेल तर एन्कोडर, म्हणजे फेरे मोजणारा सेन्सर, बसवलेलीच मोटर घ्यावी. एन्कोडर नंतर बसवू असे म्हणणाऱ्या संघांनी तो नंतर बसवलेला मी क्वचितच पाहिला आहे.

मोटरचा स्टॉल करंट, म्हणजे चाक अडकल्यावर ती जितका प्रवाह ओढते तो आकडा, विकत घेण्याआधी पाहावा. प्रत्येकी ७ अँपिअर स्टॉल करंट असलेल्या चार मोटरी एकदम अडकल्या, म्हणजे रोबो कठड्याला धडकला, तर २८ अँपिअर लागतात. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी नाममात्र ११.१ व्होल्टची असते आणि पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. तिच्यावर २२०० मिलीअँपिअर-तास आणि ३०सी (म्हणजे क्षमतेच्या तीसपट प्रवाह) असे छापलेले असेल तर ती कागदावर ६६ अँपिअर देऊ शकते. स्वस्त बॅटरीवरचा सी आकडा निम्माच धरून चालावे, हा माझा अनुभव आहे. तसा धरला तरी वरच्या चार मोटरींना ती पुरते.

नागपुरात बॅटरीच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. लिथियम बॅटरी चार्ज करण्यासाठी तापमानाची वरची मर्यादा साधारण ४५ अंश दिलेली असते आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या वर्कशॉपमध्ये हवाच तितकी तापलेली असते. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी लवकर किंवा कूलर चालू असलेल्या खोलीत करावे, बॅटरी दुचाकीच्या डिकीत कधीही ठेवू नये आणि चार्जर लावून जेवायला जाऊ नये. वापर नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. याच उन्हामुळे थ्रीडी प्रिंटरवर काढलेले भागही निवडून घ्यावे लागतात: पीएलए हे प्लॅस्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडू लागते, त्यामुळे मोटरला घट्ट धरणारे कंस पीईटीजी या प्लॅस्टिकमध्ये काढावेत किंवा सरळ अॅल्युमिनियमचे करून घ्यावेत. हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनची कामे करणारे कारखाने आहेत. हाताने काढलेल्या चित्राऐवजी मापे टाकलेले ड्रॉइंग नेले तर विद्यार्थ्यांचे लहान कामही तिथे मनावर घेतले जाते.

तिसरी पायरी: ड्रायव्हर

नव्या संघाच्या हातात पहिला ड्रायव्हर येतो तो लाल रंगाचा, काळी हीटसिंक असलेला एल२९८एन. तो स्वस्त आहे आणि सहज मिळतो, पण आतून जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरचा असल्यामुळे १ अँपिअर प्रवाहालाच सुमारे २ व्होल्ट स्वतःत जिरवतो. बारा व्होल्टच्या मोटरला मग दहाच व्होल्ट मिळतात आणि उरलेली शक्ती उष्णता होऊन जाते. लहान मोटरींसाठी टीबी६६१२, मध्यम मोटरींसाठी १० अँपिअरचे दुहेरी मॉस्फेट ड्रायव्हर आणि मोठ्यांसाठी बीटीएस७९६० हा क्रम बरा पडतो. ड्रायव्हरची क्षमता स्टॉल करंटच्या वर असावी, इतके पाळले तरी निम्मे धूर टळतात.

बोर्डाला मोटरच्याच तारेवरून वीज देऊ नये. मोटर उलट फिरवताना व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि बोर्ड रिसेट होतो. ईएसपी३२ हा बोर्ड असेल तर लॅपटॉपवरच्या सिरियल मॉनिटरमध्ये ‘ब्राऊनआउट’ (व्होल्टेज अपुरे) असा संदेशही दिसतो. बोर्डासाठी वेगळा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारे सर्किट, लावावा आणि सगळ्यांचा ग्राउंड (ऋण तार) मात्र एकत्र जोडावा. रोबो कधी चालतो, कधी चालत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आले की मी आधी ग्राउंडची तार तपासायला सांगतो.

चौथी पायरी: कंट्रोलर बोर्ड

अर्डुइनो उनोपासून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही. १६ मेगाहर्ट्झचा वेग, कोडसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी फक्त २ किलोबाइट स्मृती एवढ्यावर लाइन फॉलोअर उत्तम धावतो. अडचण येते ती चार चाकांच्या, एन्कोडर लावलेल्या रोबोवर, आणि ती आकड्यांत पाहिली की बोर्ड का बदलायचा हे आपोआप कळते.

समजा एन्कोडर मोटरच्या एका फेऱ्याला ११ पल्स (विजेचे ठोके) देतो आणि गिअर ३० पट आहे. चाकाच्या एका फेऱ्याला ३३० पल्स झाले. एन्कोडरच्या दोन्ही वाहिन्यांवरील पल्सच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या तर १३२०. चाक सेकंदाला पाच फेरे घेत असेल तर एका चाकाचे ६६०० आणि चार चाकांचे २६,४०० ठोके सेकंदाला मोजायचे. उनोवर बाह्य इंटरप्टच्या पिना दोनच आहेत, २ आणि ३ क्रमांकाच्या. अर्डुइनो मेगा घेतला तर सहा मिळतात, पण प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरने हातातले काम सोडून धावायचे हे तसेच राहते. एका धावेला १० मायक्रोसेकंद धरले तरी प्रोसेसरचा चौथा भाग नुसता मोजणीत जातो. एसटीएम३२ मालिकेतील बोर्डांच्या टायमरमध्ये मात्र एन्कोडर मोजण्याची सोय हार्डवेअरमध्येच असते. दोन तारा टायमरच्या पिनांना जोडल्या की मोजणी प्रोसेसरला न विचारता होत राहते आणि कोडने फक्त आकडा वाचायचा असतो. मूळ ईएसपी३२ मध्येही पल्स मोजणारे असे वेगळे भाग आहेत. दोन चाकांपुरते काम असेल तर उनो किंवा मेगा, चार चाके आणि अचूक स्थिती हवी असेल तर एसटीएम३२ किंवा ईएसपी३२, अशी माझी शिफारस आहे.

ईएसपी३२ घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. पहिली, तो ३.३ व्होल्टचा बोर्ड आहे. ५ व्होल्टचा एन्कोडर थेट जोडू नये, १ आणि २ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवावे. दुसरी, वाय-फाय चालू असताना त्याच्या अॅनालॉग वाचनाच्या दुसऱ्या गटातील पिना वापरता येत नाहीत, त्यामुळे सेन्सर पहिल्या गटावर लावावेत. तिसरी गोष्ट अनेकांना महागात पडते: प्लेस्टेशन ४ चा रिमोट जुन्या, क्लासिक प्रकारच्या ब्लूटूथवर बोलतो आणि ते मूळ ईएसपी३२ मध्ये आहे, नव्या दिसणाऱ्या ईएसपी३२-एस३ मध्ये नाही. नवा क्रमांक पाहून एस३ आणला, तर त्या रिमोटशी त्याची थेट जोडणी होणार नाही.

रास्पबेरी पाय हा संगणक आहे, मोटर हाकण्याचा बोर्ड नव्हे. कॅमेऱ्यातून चेंडू ओळखायचा असेल, नकाशा तयार करायचा असेल किंवा रॉस २ (रोबोचे सॉफ्टवेअर लिहिण्याची तयार चौकट) चालवायचे असेल तर तो जरूर घ्यावा, पण त्यावरची लिनक्स प्रणाली एकाच वेळी अनेक कामे हाताळते आणि दर दहा मिलिसेकंदांनी अचूक हुकूम देण्याची हमी तिच्याकडून मिळत नाही. म्हणून रास्पबेरी पाय वर आणि एसटीएम३२ किंवा ईएसपी३२ खाली, अशी जोडी लावावी. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर पुरवठा लागतो. सगळीकडे मिळणारा एलएम२५९६ चा छोटा बक कन्व्हर्टर जेमतेम तिथवर पोचतो आणि तापतो, म्हणून ५ अँपिअरचा घ्यावा.

शेवटची कसोटी नागपूरची आहे. निवडलेला बोर्ड आज संध्याकाळी बर्डीच्या दुकानांत मिळेल का? उनो, ईएसपी३२, एल२९८एन, जॉन्सन मोटर, एक्सटी६० कनेक्टर यांच्यासाठी सीताबर्डीची एक चक्कर बहुधा पुरते. खास प्रकारचे एसटीएम३२ बोर्ड, प्लॅनेटरी मोटरी किंवा चांगले ड्रायव्हर ऑनलाइन मागवावे लागतात आणि दिवाळीच्या आसपास त्यांना उशीर होतो. जी वस्तू बर्डीत मिळत नाही ती दोन नग मागवावी. पैसे नसतील तर जी मिळते तीच वस्तू वापरून रोबो बेतावा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एकुलता एक बोर्ड जळाल्यावर संघात जी शांतता पसरते ती मी अनुभवली आहे.

पाचवी पायरी: भाषा

आता भाषेचा प्रश्न जवळजवळ सुटलेला असतो. खालच्या बोर्डावर, जिथे मोटरी आणि एन्कोडर आहेत, तिथे सी++. अर्डुइनोची भाषा म्हणजेही सी++ च आहे, सोप्या फंक्शनांसह. वरच्या संगणकावर, जिथे कॅमेरा आणि निर्णय आहेत, तिथे पायथन, कारण ओपनसीव्ही या चित्रे ओळखण्याच्या लायब्ररीची उदाहरणे पायथनमध्ये भरपूर आहेत आणि एक बदल करून लगेच चालवून पाहता येतो. रॉस २ मध्ये दोन्ही भाषा चालतात. शाळेतील मुलांसाठी ब्लॉक्सपासून आरंभ करून वर्षभरात पायथनकडे नेणे योग्य आहे. रास्पबेरी पाय पिको किंवा ईएसपी३२ वर मायक्रोपायथनही चालते, आणि सेन्सर समजून घेण्यासाठी ते फार छान आहे. वेगवान नियंत्रणाच्या लूपसाठी मात्र मी नव्या संघाला ते सुचवत नाही.

पायथन सोपी आणि सी++ अवघड, असे सरसकट मानू नये. अवघड जाते ते यंत्र न ओळखता भाषा वापरणे. आमच्या दुसऱ्या वर्षीचा प्रसंग सांगतो. रोबोने सरळ रेषेत नऊ मीटर जाऊन थांबायचे होते. सरावाची खोली सहा मीटरची होती. तिथे तो शंभर वेळा बिनचूक थांबला. प्रत्यक्ष मैदानावर पावणेआठ मीटरच्या आसपास तो सरळ जायचे सोडून वेड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. आम्ही चाके तपासली, बॅटरी बदलली, बिचाऱ्या मोटर ड्रायव्हरलाही दोष दिला. रात्री वसतिगृहात कळले की एन्कोडरचे ठोके आम्ही इंट (पूर्णांक) प्रकारच्या चलात साठवत होतो. मेगा बोर्डावर, उनोप्रमाणेच, इंट १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. त्यापुढे तो एकदम उणे ३२,७६८ होतो. फेऱ्याला १३२० ठोके धरले तर पंचवीस फेरेही पूर्ण होत नाहीत, आणि ३१.४ सेंटीमीटर परिघाच्या चाकासाठी ते अंतर भरते ७.८ मीटर. इंटच्या जागी लाँग लिहिले आणि काम झाले. हाच कोड ईएसपी३२ वर टाकला असता तर चूक कधी दिसलीच नसती, कारण तिथे इंट ३२ बिटांचा असतो. भाषा तीच आणि शब्द तोच, तरी बोर्ड बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

दुसरी नेहमीची चूक सिरियल प्रिंटची, म्हणजे बोर्डावरून लॅपटॉपवर ओळी छापण्याची. ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० अक्षरे जातात. वीस अक्षरांची ओळ छापायला २१ मिलिसेकंद लागतात. तुमचा पीआयडी लूप (चूक मोजून मोटर सतत दुरुस्त करणारा कोड) दर १० मिलिसेकंदांनी फिरायला हवा असेल आणि प्रत्येक फेरीत एक ओळ छापत असाल, तर उनोचा ६४ बाइटांचा बफर क्षणात भरतो आणि पुढचे प्रत्येक प्रिंट लूपला थांबवून ठेवते. रोबो अडखळत चालतो आणि पीआयडीचे केपी, केडी हे आकडे बदलत बसण्यात रात्र जाते. वेग ११५२०० करावा आणि दहा फेऱ्यांतून एकदाच छापावे. डिले हे कोडला थांबवून ठेवणारे फंक्शनही स्पर्धेच्या कोडमधून काढून टाकावे. मिलिस वापरून वेळ मोजण्याची सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी, कारण डिले चालू असताना रोबो आणीबाणीचा हुकूमही ऐकत नाही.

पाय आणि खालचा बोर्ड यांच्यात सिरियल तारेवरून बोलणे होणार असेल तर प्रत्येक संदेशाला ठरावीक सुरुवातीचा बाइट आणि शेवटी चेकसम (संदेश बरोबर पोचला का हे तपासणारा आकडा) ठेवावा. २०० मिलिसेकंद संदेश आला नाही तर खालच्या बोर्डाने स्वतःहून मोटरी थांबवाव्यात, हा नियम कोडच्या पहिल्या दिवशी लिहावा. वीस किलोचा रोबो संपर्क तुटल्यावर माणसांच्या दिशेने जातो तेव्हा हे लिहायचे राहिले होते असे आठवून उपयोग नसतो.

कोणत्या भाषेला शेवटचे मत द्यायचे, यावर संघात मतभेद झाले तर एक चाचणी करावी. मुख्य कोड लिहिणाऱ्याला खोलीबाहेर पाठवावे, कोडमध्ये एक चूक मुद्दाम घालावी आणि बाकीच्यांनी ती अर्ध्या तासात शोधावी. ज्या भाषेत ती सापडते ती तुमच्या संघाची भाषा. परीक्षा, आजारपण, घरचे लग्न यांमुळे मुख्य माणूस ऐनवेळी नसण्याचे प्रसंग दरवर्षी येतात.

सहावी पायरी: बांधणी आणि प्रवास

कोड पेनड्राइव्हवर ‘फायनल२’, ‘फायनल३’ अशा नावांनी ठेवू नये. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट शिकायला दोन दिवस लागतात आणि ते दोन दिवस द्यावेत. जंपर वायर फक्त टेबलावरच्या प्रयोगांसाठी वापराव्यात. नागपूरहून दिल्ली किंवा पुण्याला रेल्वेने जाताना रात्रभराच्या हादऱ्यांत त्या हमखास निखळतात; रोबोवर लॉक होणारे कनेक्टर किंवा स्क्रू टर्मिनल लावावेत आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना सारख्याच क्रमांकाची पट्टी चिकटवावी. निघण्यापूर्वी तीन दिवस कोडमध्ये नवे काही घालणे बंद करावे आणि चालू स्थितीतला कोड सुट्या बोर्डावरही टाकून, तो बोर्ड रोबोवर लावून, एक पूर्ण फेरी घेऊन पाहावी. मगच त्या सुट्या बोर्डावर कोडचा क्रमांक आणि तारीख लिहिलेले स्टिकर लावून तो मऊ कापडात गुंडाळून बॅगेत ठेवावा.